सौभद्राचा श्राव्य पाठ

कै. अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या संगीत सौभद्राचे पहिले तीन अंक इ. स. १८८२ च्या नोव्हेंबरांत पुण्यास रंगभूमीवर आले. मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें केंद्र ता. २३ जुलै १९२७ रोजीं उघडलें. रात्रभर रंगणारें नाटक तासा-दीड तासांत ऐकवावयाचें म्हणजे पदांस कात्री आलीच. पण खरी अडचण निराळी. यतिवेषांतील अर्जुन प्रेक्षक डोळ्यांनीं ओळखतो. श्रोत्यास वेष दिसत नाहीं, केवळ आवाज ऐकूं येतो. तेथें रूपांतरकारास एखादें वाक्य पदरचें घालावें लागतें, आणि तें छापील प्रतींत शोधून सांपडावयाचें नाहीं. सबब नभोवाणीची संहिता हा आमच्या मतें स्वतंत्र पाठ होय. बखरींतील काना-मात्रेचा भेद टिपणारे आम्ही ही प्रत मात्र रद्दींत जाऊं देतों! गाळलेलीं पदें व समासांतील खुणा यांसह अशी प्रत ज्यांच्या दप्तरीं असेल, त्यांनीं ती अवश्य नकलून घ्यावी.