साठा, उंदीर आणि पेटती वात

पोस्ट जरा लांब आहे. पण पावसाळा तोंडावर आलाय, म्हणून आत्ताच लिहितोय.

चिपळूणच्या छावणीला शिवाजी महाराजांनी लिहिलेलं पत्र आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कुठे ना कुठे वाचलं किंवा ऐकलं असेल. १६७३-७४ च्या सुमाराचं, म्हणजे राज्याभिषेकाच्या आसपासचं हे पत्र. चिपळूणजवळ हलवर्ण इथे पागेचा मुक्काम होता. तिथल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना ही ताकीद गेली. रयतेच्या दाण्याला, गवताला हात लावायची वेळ येऊ देऊ नका, हा भाग व्याख्यानांतून नेहमी सांगितला जातो. शेवटी शेवटी उंदीर येतो. रात्री घरात दिवा जळत राहिला तर उंदीर वात ओढून नेईल आणि आग लागेल, असं बजावलंय. ऐकणारे हसतात, "बघा, राजाचं किती बारीक लक्ष!" म्हणतात आणि विषय तिथेच संपतो.

मला विचाराल तर ते वाक्य गमतीचं नाहीच. सगळ्या पत्राचा हिशेब त्या वाक्यात आहे.

परिस्थिती काय होती बघा. दाभोळच्या सुभ्यात पागेसाठी पावसाळ्याची दाणा-वैरण जमवून ठेवली होती. लष्कराचा मुक्काम चिपळुणात पडला आणि त्यातली बरीच पावसाआधीच खर्च झाली. वर वैशाखातले दिवस अजून काढायचे होते. मग कारकुनांकडून आणि गडागडांवर जो गल्ला होता तो काढून जेमतेम बेगमी केली. म्हणजे हातात उरला होता तो शेवटचा साठा. तो संपला तर भर पावसात दुसरा मिळणार नाही, हे पत्रात स्वच्छ लिहिलंय.

आणि मग काय होईल तेही लिहिलंय. घोडी उपाशी मरतील. शिपाई गावात शिरतील, कुणी कुणब्याचे दाणे आणेल, कुणी भाकर, कुणी फाटी, कुणी भाजी. आधीच कसाबसा जीव धरून राहिलेला कुणबी घर सोडून निघेल. मोगल आले होते त्यापेक्षा तुम्ही वाईट, असं लोक म्हणतील.

आगीचा मुद्दा याला जोडून येतो. कुणी भलत्या जागी चूल मांडेल, कुणी तंबाखूसाठी विस्तव नेईल, गवताच्या गंजीवर ठिणगी पडेल. आणि कुणाचीच चूक नसताना उंदीर वात नेईल. लक्षात घ्या, उंदीर दाणे खातो ही इथे तक्रारच नाही. तो मूठभर खाईल, पण एका वातीने सगळा साठा घालवेल आणि त्याची किंमत शेवटी ज्याचा काही संबंध नाही तो कुणबी मोजेल. मला या पत्रात दिसतं ते हे.

पुढे १७१५-१६ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र आलं. राजाराम महाराज जिंजीत असताना इकडचा कारभार हाकलेला हा माणूस. मोगलांनी वेढा घालून गड कसे घेतले हे त्यांनी जवळून पाहिलेलं. गडावरची कोठारं कशी असावीत हे सांगताना ते आग, उंदीर, किडा-मुंगी आणि वाळवी यांना एकाच रांगेत बसवतात. यांचा उपद्रव होणार नाही अशी बांधणी हवी, तळाला दगड-चुन्याचं पक्कं काम हवं. गडावर केरकचरा पडू देऊ नका, जाळा आणि राख परसात भाज्यांना घाला, हेही त्याच ग्रंथात आहे. जिथे केर साचतो तिथे उंदीर वसतो, हे तुम्हाआम्हाला वेगळं सांगायला नको.

पन्हाळ्याला कधी गेलात तर अंबरखाना नुसता सेल्फीसाठी पाहू नका. गंगा, यमुना, सरस्वती अशा तीन कोठ्या. त्यात गंगा सगळ्यात मोठी, तिची क्षमता २५ हजार खंडी सांगितली जाते. भिंती जाड दगडी. धान्य ओतायला वर छताच्या घुमटांना भोकं ठेवलीत, जिना चढून वरून माल आत सोडायचा. मी तिथे उभा राहिलो की मनात १६६० सालचा सिद्दी जौहरचा वेढा येतो. चारेक महिने खालून दाणा वर येणं बंद. अशा वेळी गड तोफांवर जेवढा लढतो, तेवढाच कोठारावर लढतो.

हे झालं राजाचं. घाटावरच्या साध्या शेतकऱ्याकडे दगडी कोठी नव्हती, त्याच्याकडे पेव होतं. घट्ट जमिनीत खोल खड्डा घ्यायचा, आतून सारवायचा, कडेने कडबा लावायचा, ज्वारी भरायची आणि तोंड मातीने लिंपून टाकायचं. आतला ऑक्सिजन हळूहळू संपतो, कार्बन डायऑक्साइड साठतो. त्या हवेत ना कीड जगते, ना उंदीर. माणूसही जगत नाही. पेव उघडल्या उघडल्या आत उतरलेली माणसं गुदमरून गेल्याची उदाहरणं आहेत. म्हणून आधी वाफ जाऊ द्यायची, मग उतरायचं. ओलीमुळे कोकणात पेवाचा उपयोग नव्हता, तिथे कणग्या जमिनीपासून उचलून ठेवायच्या. म्हणजे ज्या त्या मुलखाने आपापली तोड काढली होती.

उंदराला हलकं घेतलं की काय होतं, तेही आपल्याच इतिहासात आहे. १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळातून दख्खन जरा सावरत होतं, तोच १८७९ च्या सुमारास नगर, पुणे, सोलापूरकडच्या शेतांवर उंदरांच्या धाडी पडल्या. इंग्रज सरकारला उंदीर मारण्यावर बक्षीस लावावं लागलं. १८९६ साली मुंबईत प्लेग पहिल्यांदा ओळखला गेला तो मांडवीत, बंदराशेजारच्या धान्याच्या वखारींच्या वस्तीत.

आता आजचं बोलू. भामरागड, मेळघाट अशा भागांत पावसाळ्यात रस्ता तुटणारी गावं आहेत. तिथे रेशनचं धान्य पावसाआधीच पोचवून ठेवावं लागतं. परिस्थिती तीच, चिपळूणच्या पागेची. एकदा नाल्याला पूर आला की दुसरा ट्रक येत नाही. तिथली दहा पोती उंदराने नासली तर ती कागदावर "घट" म्हणून जिरतात, पण श्रावणात कुणाच्या तरी घरातली चूल पेटत नाही. आणि नासणं म्हणजे फक्त खाणं नव्हे. उंदीर खातो त्यापेक्षा जास्त लेंड्या-मुताने खराब करतो. लेप्टो कशाने होतो हे मुंबई-कोकणवाल्यांना सांगायला नको.

उपाय काही अवघड नाहीत. पेन्सिल शिरेल एवढ्या फटीतून लहान उंदीर आत येतो, म्हणून दाराच्या खालच्या कडेला पत्रा मारायचा, खिडकीला बारीक जाळी लावायची. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब, म्हणजे मागे काय चाललंय ते दिसतं. सांडलेलं धान्य रोज झाडायचं, भोवतालचं गवत काढायचं. नुसतं विष ठेवून भागत नाही. एक उंदीर मेला की फट बुजेपर्यंत दुसरा येत राहतो. आणि वायरिंग तपासायचं. हल्ली गोदामात दिवा नसतो, पण उंदराने कुरतडलेली वायर असते. वात गेली, शॉर्ट सर्किट आलं.

यातलं सगळं छापील सूचनांमध्ये असतंच. मग अडतं कुठे? पत्रात त्याचंही उत्तर आहे. तिथे नुसतं "काळजी घ्या" म्हटलेलं नाही. तुमच्यातले जे वरिष्ठ आहेत त्यांनी स्वतः सतत फिरत राहून पाहावं, असा हुकूम आहे. पहारेकऱ्यावर टाकून मोकळं व्हायचं नाही.

म्हणून ग्रामसभेत, दक्षता समितीत बसणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे. या आठवड्यात आपल्या रेशन दुकानाचं गोदाम, शाळेच्या पोषण आहाराची खोली एकदा आत जाऊन बघा. रजिस्टर नंतर बघा, आधी पोत्यांच्या मागे बघा. आणि तुमच्या घरी पेव, बळद, कणगी होती का, उंदरापासून ती कशी राखायचे, ते घरातल्या जुन्या माणसांना विचारून इथे नक्की लिहा.