वासावरून झाडाचा शोध

शेतात अनेक पिके शेजारीशेजारी उभी असली, तरी कोबीवर वाढणाऱ्या अळीचा पतंग अंधारातही कोबी शोधून त्यावर अंडी घालतो. वनस्पतींवर जगणाऱ्या कीटकांच्या या अचूकतेमागे मुख्यतः त्यांचे घ्राणेंद्रिय असते.

पानांतून बाष्परूपाने अनेक रसायने सतत बाहेर पडत असतात. गवत कापल्यावर येणारा हिरवा वास त्यांपैकीच होय. मात्र तो जवळजवळ सर्वच वनस्पतींना असतो. मग कीटक आपले झाड कसे ओळखतो? त्याच्या मिशांवर गंध टिपणाऱ्या चेतापेशी असतात. पुष्कळदा एखाद्या रसायनापेक्षा रसायनांचे परस्परप्रमाणच महत्त्वाचे ठरते. बटाट्यावरील कोलोरॅडो भुंगेऱ्यावर नेदरलँड्समध्ये झालेले प्रयोग १९७८ साली प्रसिद्ध झाले. बटाट्याच्या गंधातील एखाद्या घटकाचे प्रमाण वाढवताच भुंगेऱ्याला त्याचे आकर्षण उरत नसे. ओळखीचा गंध आला की कीटक वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जातो आणि पानावर पोहोचल्यावर चवीने खात्री करून घेतो.

काही वनस्पतींचा गंध मात्र वैशिष्ट्यपूर्ण असतो. कोबी, मुळा, मोहरी यांच्या पेशींत ग्लुकोसिनोलेट नावाची द्रव्ये असतात. पान कुरतडले गेले की एन्झाइमच्या क्रियेने त्यांपासून झणझणीत आयसोथायोसायनेट तयार होतात. फेसलेल्या मोहरीचा नाकात जाणारा झणका तो हाच. बहुतेक कीटकांना ही द्रव्ये घातक असतात. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी मात्र ग्लुकोसिनोलेट निष्प्रभ करते आणि मादी त्याच गंधाच्या आधारे अंडी घालण्याची जागा शोधते. वनस्पतीचे संरक्षक अस्त्रच शत्रूला तिचा पत्ता सांगते!

या पतंगाला केवळ कीटकनाशकांनी आवरणे कठीण आहे. डीडीटीला दाद न देणारे पतंग १९५३ सालीच इंडोनेशियातील जावा बेटावर आढळले होते. त्यामुळे त्याच्या घ्राणशक्तीचाच उपयोग त्याच्याविरुद्ध केला जातो. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या पद्धतीत कोबीच्या ओळींमध्ये मोहरी लावतात. तिची पहिली पेरणी कोबीच्या लागवडीपूर्वी सुमारे १५ दिवस करतात. मोहरीकडे ओढल्या गेलेल्या किडीचा तेथेच नाश करता येतो. साहजिकच कोबीवरील फवारण्या कमी होतात आणि शेतकऱ्याचा खर्च वाचतो. शहरातील ग्राहकाच्या ताटात येणाऱ्या भाजीवरही कीटकनाशकाचा अंश कमी राहतो.