शिखर नसलेला माथा

जिल्ह्याजिल्ह्यांतील सर्वोच्च ठिकाणे शोधताना कळसूबाईपाशी प्रश्न पडत नाही. १६४६ मीटरांचे ते शिखर लांबूनच ओळखू येते. बीडमध्ये मात्र असे शिखर मला दिसले नाही. १४२४ मीटर उंच हरिश्चंद्रगडाची रांग पूर्वेकडे येताना खुजी होत बालाघाटाचे पठार बनते. इथली उंची मी पाण्याच्या वाटांवरून वाचतो. पाटोदा तालुक्यात गौखाडीजवळ, ८२३ मीटरांवर, मांजरा उगम पावते आणि पुढे तेलंगणात गोदावरीला मिळते. बिंदुसरा उत्तरेला बीड शहरातून सिंदफणेकडे जाते. आष्टीकडचे ओढे सीनेमार्गे भीमेत उतरतात. पाऊस गोदावरीचा की कृष्णेचा, हे या माथ्यावर ठरते. वरच्या गावांना मात्र तो पुरत नाही. म्हणून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी, पाण्यामागोमाग माणसेही घाट उतरतात.