ओल्ड व्हिकरेज, ग्रँटचेस्टर

इंग्लंडमधील केंब्रिजजवळच्या ग्रँटचेस्टर गावातील इतिहासप्रसिद्ध घर. स्थानिक चर्चच्या धर्मगुरूच्या निवासासाठी ही लाल विटांची वास्तू सु. १६८५ मध्ये जुन्या घराच्या जागी बांधण्यात आली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती खाजगी मालकीची झाली. नाव मात्र कायम राहिले. १८५० मध्ये ती विकत घेणाऱ्या सॅम्युएल पेज विडनल याने घर वाढविले, तेथे छापखाना चालविला व बागेत एक कृत्रिम भग्नावशेष उभारला. अस्सल जुन्या घराशेजारी बनावट जुनेपणा मांडण्याची ही हौस खास व्हिक्टोरियन होय. पुढे कवी रूपर्ट ब्रुक (१८८७–१९१५) येथे भाड्याने राहत असे. घराला कीर्ती लाभली ती वास्तुगुणांपेक्षा त्याने १९१२ मध्ये बर्लिन येथे रचिलेल्या कवितेमुळे. पहिल्या महायुद्धात सैन्यात असताना तो मरण पावला. १९१६ मध्ये त्याच्या आईने हे घर विकत घेऊन त्याचा मित्र डडली वॉर्ड यास दिले.