खोटे तोंड, खरे हात

१८९४ साली ऑस्वाल्ड फर्गस यांनी दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी कृत्रिम डोके मांडले. रुग्णाच्या दातावर हात चुकण्यापेक्षा तो आधी खोट्या जबड्यावर चुकावा, हा त्यामागचा विचार. आजचा आभासी वास्तवाचा चष्मा मला त्याच डोक्याचा वारस वाटतो.

परिचारिकांची परंपरा वेगळी. न्यूझीलंडने १९२१ मध्ये वेलिंग्टनला शालेय दंत-परिचारिकांचे दोन वर्षांचे शिक्षण सुरू केले. मुंबईत १९३३ साली नायर दंत महाविद्यालय निघाले. पुढे १९४८च्या कायद्याने दंतवैद्य, डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक यांची नोंदणी ठरवली. खुर्चीशेजारी उभ्या राहणाऱ्या मदतनीस बाईला मात्र त्यात नाव मिळाले नाही.

म्हणून किन्हवलीसारख्या बाजारगावात ती बहुधा बघूनबघूनच शिकते. लाळ ओढणारी नळी कुठे धरायची, अवजारे ऑटोक्लेव्हमध्ये कशी लावायची, हे चष्मा लावून शंभरदा गिरवता येईल, कुणाला इजा न होता. मिश्रीने काळवंडलेले दात दाखवताना तोंडाला पदर लावणाऱ्या आजीला धीर देणे मात्र माणसांतच शिकावे लागेल. वेलिंग्टनने परिचारिकेला आधी पद दिले. चष्म्याआधी आपल्यालाही तेच करावे लागेल.