क्लाउडमधलं स्टॅटिक राउटिंग : जायचा रस्ता टाकला, परतीचा टाकला का?

डेटाच्या पॅकेटने कुठल्या वाटेने जायचे हे माणसाने हाताने लिहून ठेवणे, म्हणजे स्टॅटिक राउटिंग. डायनॅमिक राउटिंगमध्ये राउटर एकमेकांना माहिती देऊन वाट ठरवतात. इथे तसे नाही. नोंद चुकली, तर कोणी दुरुस्त करेपर्यंत ती चुकलेलीच राहते.

क्लाउडमध्ये राउटरचा डबा दिसत नाही; आपण फक्त राउट टेबल भरायचे. ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसवर आपल्या खासगी आभासी नेटवर्कला व्हीपीसी म्हणतात. त्यातल्या प्रत्येक सबनेटला एक राउट टेबल लागू असते. टेबलातल्या नोंदीत दोनच गोष्टी : कुठे जायचे आणि कोणामार्फत. व्हीपीसीच्या आतल्या वाहतुकीची ‘लोकल’ नोंद आपोआप असते, बाहेरची आपण टाकायची.

उदाहरण : मुंबई ते हैदराबाद

या सेवेचे मुंबई केंद्र २०१६ मध्ये आणि हैदराबाद केंद्र २०२२ मध्ये सुरू झाले. समजा, एका पतसंस्थेचे मुख्य सर्व्हर मुंबईत १०.१.०.०/१६ वर आहेत आणि बॅकअप हैदराबादेत १०.२.०.०/१६ वर.

१. दोन्हीकडचे पत्ते वेगळे हवेत. सारखे असतील तर जोडणी होतच नाही.
२. एका बाजूने पीअरिंगची विनंती पाठवा, दुसऱ्या बाजूने स्वीकारा.
३. मुंबईच्या टेबलात १०.२.०.०/१६ साठी पीअरिंग जोडणी लिहा.
४. हैदराबादच्या टेबलात १०.१.०.०/१६ साठी तीच जोडणी लिहा.
५. सिक्युरिटी ग्रुपमध्ये लागणारे पोर्ट उघडा.

चौथी पायरी राहिली, की मुंबईचे पॅकेट हैदराबादला पोचते, पण उत्तर परत येत नाही. स्क्रीनवर फक्त ‘टाइमआउट’ दिसतं आणि सगळे सर्व्हर तपासत बसतात.

हेही लक्षात ठेवा

- एकाच पत्त्याला दोन नोंदी लागू पडत असतील, तर अधिक नेमकी चालते : /१६ पेक्षा /२४.
- मुंबई हैदराबादला जोडलेली आणि हैदराबाद तिसऱ्या व्हीपीसीला, म्हणून मुंबईहून तिसऱ्याकडे जाता येत नाही. त्यासाठी वेगळी जोडणी हवी.
- जोडणी काढून टाकली तरी नोंद उरते, तिच्यापुढे ‘ब्लॅकहोल’ दिसते. तिथे गेलेले पॅकेट गायबच.

काम झाल्यावर दोन्ही बाजूंनी जोडणी तपासावी. मुख्य सर्व्हर बंद पडल्यावर परतीची नोंद नाही हे कळलं, तर बॅकअप असूनही हाती लागत नाही.