हरवलेलं लीळाचरित्र आणि बंद पडलेली हार्ड डिस्क

विषय संगणकातल्या माहितीच्या जतनाचा आणि वक्ता तत्त्वज्ञानाचा, तेव्हा पत्रिकेत काही घोटाळा झाला असं आपल्याला वाटेल. तसं नाही. आम्ही या विषयाकडे नुकसान सोसून आलो आहोत. निवृत्तीनंतर आठ-नऊ वर्षं महानुभाव ग्रंथांवर काढलेली टिपणं नांदेडच्या घरी आमच्या संगणकात होती. माहूरकडच्या एका वयोवृद्ध साधूंनी म्हणून दाखवलेल्या पाठाचं ध्वनिमुद्रणही त्यातच. एके सकाळी आतून टक-टक आवाज यायला लागला आणि दुपारपर्यंत डिस्क दिसेनाशी झाली. दुरुस्ती करणाऱ्या मुलानं एवढंच विचारलं, "सर, बॅकअप कुठंय?"

आम्ही गप्प. आणि ज्या ग्रंथावर ती टिपणं होती, त्याच्या इतिहासात याचं उत्तर सातशे वर्षांपासून पडून होतं.

चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी १३व्या शतकाच्या अखेरीस गोळा केल्या. ज्यानं जी लीळा पाहिली, त्याच्याकडे जाऊन विचारलं, नागदेवाचार्यांकडून तपासून घेतलं. असं 'लीळाचरित्र' सिद्ध झालं. पुढे १४व्या शतकाच्या आरंभी यादवांच्या राज्यावर दिल्लीच्या फौजा आल्या. महानुभाव परंपरा या आपत्तीला 'खालशाची धाड' म्हणते. त्या पळापळीत मूळ पोथी गेली.

पोथी गेली, पण ग्रंथ गेला नाही. का? परंपरा सांगते, की हिराइसांना तो मुखोद्गत होता. त्यांच्या पाठावरून तो पुन्हा लिहिला गेला, त्याला पिढीपाठ म्हणतात. इतरांनीही आपापल्या आठवणीतून पाठ सिद्ध केले. म्हणजे प्रत एकाहून अधिक ठिकाणी होती, आणि वेगळ्या माध्यमात होती. एक कागदावर, दुसरी माणसाच्या कंठात.

मात्र या पाठांमध्ये भेद पडले. शं. गो. तुळपुळे, वि. भि. कोलते यांच्यासारख्या संपादकांना ते ताडून पाहावे लागले. आपलं न्यायदर्शन स्मृतीला प्रमा मानत नाही, ती आधीच्या अनुभवावर अवलंबून असते म्हणून. प्रतीचंही तसंच आहे. ताडून पाहिल्याशिवाय तिच्यावर विसंबता येत नाही.

आता डिस्ककडे वळू. हार्ड डिस्क पहिल्यांदा बाजारात आली १९५६ साली, आयबीएमच्या रामॅक यंत्रात. ५० तबकड्या, सुमारे एक टन वजन, आणि मावत किती? ५० लाख अक्षरं! आज खिशातल्या डिस्कमध्ये त्याच्या लाखो पट मावतं. पण तबकड्या अजून फिरतातच, मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा. वाचणारं टोक त्यांच्यापासून केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी अंतरावर तरंगतं. ते टेकलं, की ओरखडा. तेव्हा डिस्क बिघडणार का, हा प्रश्नच नाही. कधी, एवढंच ठरायचं असतं.

मग दुसरी प्रत त्याच कपाटात ठेवली की झालं? इथे लातूरकरांनी ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवावी. किल्लारीच्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसं गेली. त्या दुःखापुढे कागदाची गोष्ट काढू नये, हे आम्हाला कळतं. पण ज्यांनी ते ढिगारे पाहिले, त्यांना हेही माहीत आहे, की घर पडलं की कपाट, पेटी, सगळं एकाच ढिगाऱ्याखाली जातं. म्हणून एक प्रत दुसऱ्या गावी हवी.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला तीन-दोन-एकचा नियम हेच सांगतो: प्रती तीन, माध्यमं दोन, आणि एक प्रत घराबाहेर. यात आम्ही दोन गोष्टींची भर घालतो. एक, प्रत अधूनमधून उघडून पाहा. न उघडलेली प्रत ही नुसती समजूत असते. दुसरी पासवर्डची. महानुभावांनी ग्रंथ सकळ लिपीत लिहिले. तिची किल्ली जाणत्या पंथीयांपुरतीच राहिली. २०व्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती लिपी उलगडेपर्यंत बाहेरच्या अभ्यासकाला हे दालन बंदच होतं. तुमचा पासवर्ड तुमच्या एकट्याच्याच डोक्यात असेल, तर तुमच्या माघारी घरच्यांची तीच गत होणार.

आता आमची एक डिस्क कपाटात असते, संगणकापासून सोडवून. दुसरी लातूरला मुलीकडे. दर महिन्याच्या एक तारखेला प्रत काढतो, दिवाळीत आणि पाडव्याला उघडून ताडतो. पासवर्ड बंद पाकिटात, मुलीला माहीत आहे.

टिपणं आम्ही पुन्हा काढतो आहोत, निम्मी झाली. ध्वनिमुद्रण मात्र परत मिळणार नाही. ते साधू आता हयात नाहीत, आणि त्यांच्यासारखा पाठ म्हणणारं आम्हाला अजून कुणी भेटलेलं नाही. तेव्हा आज घरी गेल्यावर एवढं करा. जे पुन्हा करता येणार नाही, ते आधी शोधा. आईचा आवाज, वडिलांची पत्रं, जे असेल ते. त्याची एक प्रत आज रात्रीच काढा. बाकीचं उद्या केलं तरी चालेल.